आवार दोघांचे, टाकी कोणाचीच नाही

मी, खाली सही करणारी, शेणखतवाली काकू म्हणून सगळे ओळखतात ती, विधवा, धंदा शेणाचे खत करून विकणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. खताची धूळ जन्मभर हुंगली, ती आता आत घर करून बसली आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही; माझ्याशी तेवढे कोणी बोलतही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करायला मी उरणार नाही, तेव्हा हेच खरे धरावे.

मला दोन मुलगे. धाकटा गेला. कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा कागदावर नीट असावे. गोठा धुतलेले पाणी आणि गुरांचे मूत एका बंद टाकीत साठते, तेच आम्ही पंपाने खताच्या ढिगांवर मारतो. उन्हाने ढीग सुकले होते आणि पाइप पेंढ्याने तुंबला होता. दोन्ही झाकणे उघडायची, टाकीला वारा लागू द्यायचा, मग काय ते करायचे, हा घरचा नियम. धाकटा म्हणाला, "आई, दोन मिनिटांचं तर काम आहे," आणि एकच झाकण सारून शिडीने उतरला. आत साचलेला वायू हाक मारायलाही सवड देत नाही. थोरला त्याच्यामागे उतरायला धावला. मी त्याचा सदरा मागून धरला, त्याला पाडले आणि अंगावर बसले. त्याने शिव्या दिल्या, हाताला चावला. बंबवाले येईपर्यंत मी उठले नाही.

कलम एक. घर आणि खताचे आवार थोरला आणि धाकट्याची बायको यांना निम्मे निम्मे. सूनबाई, तू मला तोंडावर म्हणालीस, "तुमचा एक वाचला ना, मग झालं!" तुझे दुःख मोठे, म्हणून ऐकून घेतले. त्या बोलण्याने तुझा वाटा कमी झालेला नाही आणि वाढलेलाही नाही.

कलम दोन. ढीग उलटायचे काटे, फावडी, चाळण्या आणि ढिगात खुपसायचा लांब तापमापक सूनबाईला. खत मुठीत दाबले की थेंब-दोन थेंबच गळावे. त्याहून ओले असले तर ते सडते, कोरडे असले तर नुसते पडून राहते. हे तिला न सांगता कळते. ढीग आतून तापून निवायला लागला की उलटावा. शेणाचा वास जाऊन मातीचा आला, तरच पोती भरावीत. माझे दीर अर्धेकच्चे खत विकायचे आणि लोकांची रोपे करपायची. "शेणच ते, कोणाला काय कळतंय!" म्हणायचे. त्यांना किंवा त्यांच्या पोरांना या आवारातली फुटकी टोपलीसुद्धा मिळू नये. मेल्यावरही माझा राग कायम आहे असे समजावे.

कलम तीन. बँकेत जे काही असेल त्यातून आधी ती टाकी बुजवावी. राडारोडा टाकून बुजवावी, चांगले खत त्यात घालवू नये. नवी टाकी उघडी बांधावी. तोवर आत कोणीही उतरायचे नाही. गाय पडो, माणूस पडो, बाहेरच्याने बाहेरूनच ओरडावे. असल्या टाक्यांत एकाला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि घराला कुलूप लागते.

कलम चार. हे थोरल्यासाठी. वकील म्हणाले, असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. म्हटले, मग कुठे लिहू? त्या दिवसापासून तो मला आई म्हणत नाही. गोठ्यात झोपतो, ताट घेऊन टाकीच्या कठड्यावर जाऊन बसतो.

धाकटा माझा लाडका होता. हे गोठ्यातल्या गायींनाही ठाऊक होते, तुला तर होतेच. म्हणून तुझ्या मनाने घेतले आहे की मला विचार करायला क्षणभर मिळाला असता, तर त्याच्यासाठी मी तुला सोडले असते. एकदाच तू तोंड उघडलेस, तेही एवढेच बोलायला: "हाताला लागलो म्हणून धरलंस."

अरे गाढवा, तेव्हापासून मला विचार करण्यावाचून दुसरे कामच राहिलेले नाही. ढीग उलटताना तोच, जेवताना तोच. झाकणातून मला त्याची पाठ दिसत होती. तुझ्या अंगावर बसून मी ती बघत होते. माझा जीव तुटत होता. तरीही पूर्ण विचार करून, पूर्ण शुद्धीत लिहिते: पुन्हा तसे झाले तरी मी तुलाच धरीन. यावर कोणी हरकत घेऊ नये. तूही नाही.

ठिकाण : गोठ्याशेजारची खोली
दिनांक : आज, सोमवार
सही : शेणखतवाली काकू

साक्षीदार : शेजारचा ट्रॅक्टरवाला. सही केली.

साक्षीदार : गुरांचा डॉक्टर. मी माणसांचा डॉक्टर नाही, पण बाईंचे चित्त थाऱ्यावर आहे एवढे मला कळते. सगळा मजकूर वाचून दाखवला. थोरले चिरंजीव तेव्हा दाराबाहेर उभे होते. चौथे कलम मी मुद्दाम मोठ्याने वाचले. ते आत आले नाहीत. वाचून संपल्यावर बाहेरून म्हणाले, "डॉक्टर, ते शेवटचं परत एकदा वाचा." मी परत वाचले.