घरी फोन काहून नाही केला

बूढापारा, रायपूर
९ नोव्हेंबर २०२३

चेतना,

जयभीम. आम्ही इथं बरे आहो, तू बरी असशील. हे लिहा लागते म्हणून लिहिलं.

फोनवर तू मले पुरं बोलू देत नाही. मधीच हिंदी सुरू करते, मग इंग्रजी, अन् मग "वहिनी, तुम्हाला नाही कळणार" म्हणून ठेवून देते. कागद मधीच ठेवून देता येतो, पण तो चूप होत नाही. मी चवथी शिकलेली आहो, अक्षर वाकडं आहे, हळू वाच.

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात तू म्हणते, मी बाबाले चालवत नाही, व्यायाम करून घेत नाही, म्हणून तू त्याइच्या हाताले बांधलेल्या घड्याळात आकडे कमी येतात. दिवाळी झाली का तू येणार अन् त्याइले पुण्याले नेणार, तिथं लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. अन् मी सहकार्य करावं. हा शब्द तू आपल्या ऑफिसातल्या चपराश्याले वापरत जा. तुझ्या वेण्या घातल्या आहेत मी.

आता ऐक. नव्या रायपूरच्या दवाखान्यातून बाबाची सुट्टी झाली तव्हा डॉक्टरनं मले सांगितलं, तुले नाही. दिल कमजोर आहे, पण पडून राहिले तं पायही जातील. थोडं थोडं रोज करा. खुर्चीवरून उठणं-बसणं, टाचा उचलणं, आंगणात फेरी. ते आम्ही करतो. फिजियोवाली पोट्टी मोबाइलात दिसते, म्हणते, "अंकल, बहुत बढ़िया." बाबा तिले म्हणतात, "बेटी, जिंदगीभर रेल्वेच्या कारखान्यात जॅक लावून वॅगन उचलल्या. आता स्वतःले उचलून राहिलो. वॅगन हलकी होती." ती हसते. तुझ्या घड्याळात हे येत नाही.

घड्याळाशी माझं भांडण नव्हतं. ठोके सांगते, सांगू दे. पण तू त्यातून बोलाले लागली. ठोके वाढले का तुझा आवाज. बाबा जेवून राहिले, तुझा आवाज. बाबा संडासात, तुझा आवाज. तू बापाशी बोलत नव्हती, चेतना, त्याच्या मनगटाशी बोलत होती. अन् मधी मी उभी असली तं मी म्हणजे खुर्ची.

मागच्या रविवारी विहारात काय झालं ते तुले माहीत नाही. तुले फक्त आकडा माहीत आहे.

वंदना सुरू होती. बाबाले गुडघे टेकाले मनाई आहे, हे मलेही माहीत आहे. पण ज्या माणसानं त्या विहाराच्या विटा डोक्यावर वाहिल्या, तो खुर्चीवर बसून हात जोडेल काय? खुर्चीले धरून हळूहळू खाली गेले. पूर्ण विहार चूप. अन् त्या चूपमधी मनगटातून तू बोलली. "बाबा, काय करून राहिले? बसा आधी. वहिनी कुठं आहे? वहिनीचं लक्ष नसते काय?"

वहिनी त्याच्याच मागं उभी होती. पांढऱ्या साडीत, सगळ्याइच्या समोर.

यशवंतराव आपले अध्यक्ष, त्याइले तोंडाले लगाम नाही. म्हणे, "काय शामराव, बुद्धाले वंदन कराले आता पुण्याहून परवानगी लागते काय?" लोक हसले. बाबाही हसले. हसतच उठले, घड्याळ काढलं अन् दानपेटीत घुसवलं. पेटीचं तोंड लहान होतं, पट्टा अडकला, तं बोटानं दाबून दाबून घुसवलं.

दानपेटीले तीन कुलपं, तीन चाव्या तीन जणाइच्या घरी. फक्त पुनवेले सगळ्याइच्या समोर उघडते. हा नियम बाबानंच केला होता, ते खजिनदार होते तव्हा. यशवंतराव मागून घरी आले, मान खाली घालून म्हणे, "चुकलं माझं, आत्ताच उघडून देतो." बाबा म्हणे, "नियम आहे. शामरावसाठी मोडला तं उद्या कोणासाठीही मोडेल." आता बसलं घड्याळ पुनवेपर्यंत पेटीत, दान होऊन.

अन् तिकडं तुझ्या मोबाइलात तुझा बाप बंद पडला.

तू काय केलं? दवाखान्याले फोन केला. अँब्युलन्स पाठवली. भोंगा वाजवत गाडी गल्लीत घुसली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आंगणात, "पेशेंट कहाँ है?" बाबा भात खाऊन राहिले होते. म्हणे, "पेशेंट मैं ही हूँ. बैठो, चाय पियोगे?" ते एकमेकाच्या तोंडाकडं पाहतात.

मी त्याइले गाडीपर्यंत सोडाले बाहेर आली, मागं बाबाही आले. पाहतो तं गल्लीतल्या दुकानाइचे शटर अर्धे खाली. इथं कोणाच्या घरी मयत झाली का पाडतात तसे. समोरचा किराणावाला हात जोडून उभा. बाबानं एकेक शटर पाहिलं. म्हणे, "भैया, अभी पूरा खोल दो, मैं घूम रहा हूँ." लोक हसले, मीही हसली. रात्रीचं जेवण मात्र त्याइनं तसंच ठेवलं.

म्हणून तुले विचारून राहिली. घरी फोन काहून नाही केला? नंबर आहे तुझ्याजवळ. मी घरीच होती. एक घंटी वाजवली असती तं मी सांगितलं असतं, "जिवंत आहेत, भात खाऊन राहिले." दवाखान्यावर भरोसा, घड्याळावर भरोसा, अन् जी बाई त्याइले रोज उठवते तिले एक फोन नाही. तुझा दादा गेला तव्हापासून या घरात आम्ही दोघंच आहो. मी काय त्याइले मारून चूप बसली असती?

हे सगळं मी बाबाजवळही बोलली. जोरात बोलली. त्याइनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "पंचफुला, तिची आई गेली तव्हा होस्टेलात फोन तिनंच उचलला होता. आता तिले वाटलं मी गेलो. घरी केला असता तं तुझ्या तोंडून ऐका लागलं असतं. म्हणून नाही केला. पोट्टी भ्याली आहे."

मी म्हटलं, भ्याली तं भिऊ द्या.

ते म्हणे, "मी जातो पुण्याले. तिच्या डोळ्यासमोर राहीन तं भिणार नाही."

मी म्हटलं, अन् मी?

बाबा खुर्ची धरून उठले, आंगणात फेरीले गेले. काल मले म्हणे, वरची कपड्याची पेटी काढून दे. मी काढून दिली. पुसूनही दिली.

तं ये. तिकीट काढलं असशील. सहकार्य करून राहिली, लिहून घे. भातात मीठ नाही, पण लिंबू पिळशील तं खातात. पाणी डॉक्टरनं मोजून सांगितलं आहे, ते चोरून पितात, रागावशील तं जास्त पितात. व्यायामाची खुर्ची भिंतीले टेकव. बाजूले उभी राहू नको, समोर राहा. हात धरू देत नाहीत, पण समोर कोणी असलं का उठतात. मोबाइल त्यावेळी खाली ठेव. अन् गुडघे टेकतील तं टेकू दे, फक्त मागं उभी राहा, चूप.

स्टेशनवर मी येणार नव्हती. पण डब्याची पायरी उंच आहे, चढताना मागून कंबर धरा लागते, अन् ती कशी धरायची ते तुले येत नाही. तेवढ्यापुरती येईन. तुझ्याशी बोलणार नाही. गाडी पोहोचली का घरी फोन कर, मनगटातून नाही. मी उचलीन.

तुझी कोणी नाही,
बाबाची सून
पंचफुला