तेरा फुटी रॉड कुणाच्याच नावावर नाही

मी, श्रीमती द्वारका विष्णू तांडेल, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण चौथी (पाचवीत आठवडाभर बसले होते, ते धरत नाही), मूळची देवगडची, हल्ली मुक्काम मुलगा विलास याच्या घरी, कासलबार, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, घालून बघावा. तब्येत उत्तम आहे, तेव्हा वाचणाऱ्याने उगाच घाई करू नये. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम पहिले. देवगडच्या घरातला माझा हिस्सा विलासची मुलगी निहारिका हिला. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते, पण कधी खोटं सांगत नाही. माडांचे नारळ मात्र शेजारच्या वीणाताईंनीच न्यावेत, पाणी त्यांनीच घातलंय. सोन्याच्या पाटल्या दोन आहेत. एक निहारिकाला आणि एक माझी मुलगी उर्मिला हिच्या कुशलला. मुलगा असला म्हणून काय झालं? घालायची तर घालू दे.

कलम दुसरे. माझा आडाळो, म्हणजे आमची मासे कापायची विळी, जाऊबाईंनी उसनी म्हणून नेली आणि 'हरवली' म्हणाल्या. त्यांच्या नातीच्या बारशाला तीच विळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोळ्यांनी बघितली. ती आता त्यांनाच दिली असं समजावं. धार लावून घ्या म्हणावं.

कलम तिसरे. नदीत उतरायची छातीपर्यंतची रबरी विजार सूनबाई ज्ञानदाला. मी पहिल्यांदा ती साडीवरून चढवली तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली होती. (हे कलम का चालत नाही ते पुढे येईल. विजार आजच तिच्या हातात दिली.)

कलम चौथे, रॉड. इथे जरा लांबण लागेल, कारण माझी दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत ती याच्याचपायी.

इथे आले त्या थंडीत शेजारचे मार्टिन मला नदीवर घेऊन गेले. फेब्रुवारीत मासे धरायला नदी उघडली की समुद्रातून सामन वर चढतो. सामन म्हणजे आपल्या रावसाचा गोरा चुलतभाऊ. मला चटकच लागली. पंचाहत्तरीला मुलांनी विचारलं, आई, काय हवं? मी म्हटलं, दोन हातांनी धरायचा रॉड. आमच्या काठावर मागे गच्च झाडी. एका हाताच्या रॉडची दोरी मागे भिरकावली की फांदीला लटकते. दोन हातांच्या रॉडने पाण्यावरच वळसा घालून दोरी पुढे टाकता येते. शिवाय माशांच्या पाट्या उचलून माझा उजवा खांदा आखडलाय. दोन हात असले की भार वाटून जातो.

दुकानात विलास पंधरा फुटी घेऊन उभा राहिला. "आई, हा घे. अख्खी नदी तुझी."

उर्मिला किलकेनीहून आली होती, तिथल्या इस्पितळात नर्स आहे. म्हणाली, "दादा, तिचा खांदा बघितलास का? एका हाताचा हलका घे. काठावर बसून खेळेल."

"खेळेल? ती काय दोन वर्षांची आहे?"

"तुला तिच्यासाठी नाही, फोटोसाठी घ्यायचाय."

"वर्षातून दोनदा येतेस आणि मला आई शिकवतेस?"

दुकानदार बिचारा मध्ये पडला, "दोन्ही ग्रँड आहेत." त्याने तर आणखीच भडका उडाला. उर्मिला न जेवता किलकेनीला गेली. तेव्हापासून दिवाळीचा फराळ पोस्टाने येतो, पुड्यावर नाव फक्त माझं. मला कुणी विचारलंच नाही, हे दोघांनीही ध्यानात घ्यावं.

मग मी, निहारिका आणि मार्टिन खेळाच्या मैदानावर गेलो, दुकानातून मागून आणलेल्या रॉडांना गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधला आणि गवतावरच दोरी फेकून बघितली. पंधरा फुटी म्हणजे शिडी उचलल्यासारखा. तेरा फुटी हातात बसला, तोच घेतला. हलकं रीळ लावलं तर टोक खाली झुकायचं, म्हणून मार्टिनने जड लावलं. आता बोटावर ठेवला की तराजूसारखा सरळ राहतो. दोरी आखूड आणि जाड घेतली, थोड्या जोरात रॉड वाकतो. तिचं पुढचं टोक बुडणारं, कारण गार पाण्यात मासा तळाशी पडून राहतो, वर यायचा आळस करतो. अगदी आमच्या विलाससारखा.

इतकं करून मासा अजून एकही नाही! जन्मभर मासे विकले, आणि मासा न मिळता एवढी मजा आत्ताच आली. पाऊस, फ्लास्कमधला चहा, आणि मार्टिन पाण्याकडे बोट दाखवून कुजबुजणार, "तो बघ तुझा माणूस." म्हणजे मासा, इकडे असंच म्हणतात. तिथे दगड असतो.

आता वाटा. देवगडात आम्ही रापण ओढायचो. जाळं समुद्रातून किनाऱ्याला ओढताना जो दोरीला हात लावील त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की उशिरा आलेला. जाळं कसं टाकावं यावर घरी बसून भांडणाऱ्याला वाटा नाही. हाच कायदा रॉडला. तो चार तुकड्यांत निघतो. खालचे दोन विलासला, वरचे दोन उर्मिलाला, रीळ निहारिकाला, असं मी लिहिणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार दोन लागतात आणि माझी सही होताना दोघंही एकाच खोलीत हवेत. मी टाळीच वाजवली. मग म्हणाल्या, साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला मृत्युपत्रातून काही ठेवलं तर ते बाद होतं. मी दोन बिस्किटं खाईपर्यंत विचार केला.

सबब विलास आणि उर्मिला, या मृत्युपत्रात तुम्हाला एक सुपारीसुद्धा ठेवलेली नाही. तुम्ही साक्षीदार आहात. रॉड मी मेल्यावर वाटायचाच नाही. सह्या झाल्या की आजच तुकडे हातात देणार आहे. रविवारी नदी उघडते. रॉड जोडायचा तर दोघांनाही यावं लागेल, आणि मला तो जोडलेला बघायचाय.

वरील सर्व मी वाचून, दोनदा हसून, कबूल केलं आहे.

ठिकाण: कासलबार
तारीख: ३० जानेवारी २०२६, शुक्रवार

सही: द्वारका विष्णू तांडेल

साक्षीदार:
१. विलास विष्णू तांडेल, कासलबार
२. उर्मिला मुकुल सारंग, किलकेनी

सह्यांनंतर लिहिलेलं, कायद्याला याचा उपयोग नाही: टेबलावर मी पेन एकच ठेवलं होतं. उर्मिलाने ते विलासच्या हातातून घेतलं. सही करून वरचे दोन तुकडे काखेत मारले आणि दारात थांबली.

"रविवारी किती वाजता?"

"आठला. उजाडतंच तेव्हा," विलास म्हणाला. "आणि शनिवारी जेवायला ये. या वेळी जेवून जा."