तुझ्या नातीच्या भाकरीला कुलूप

आत्ती, तुझी नात आता होटगीला आपल्याच घरात आहे. तुझी लेक, आपली ताई, विहिरीत गेली तेव्हा ही काठावर उभी होती. सात वर्षांची आहे. बापानं हात वर केले. बालकल्याण समितीच्या म्याडमनी फोनवर विचारलं, सांभाळता का, आणि मी एका दमात हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय गेलं? मी इकडं गुजरातेत मोरबीला, फरशीच्या कारखान्यात भट्टीवर. सांभाळणं पडलं माझ्या बायकोच्या गळ्यात, आणि तिला सातवा महिना लागलाय.

पोरगी भाकरी लपवते. अंथरुणाखाली, दप्तरात, बायकोच्या पेटीत साड्यांच्या घडीत. बुरशी येते, मुंग्या लागतात. काढायला गेलं की चावते. ह्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. "तुमच्या आत्तीची नात हाय, तुमी येऊन बघा की! मला न्हाय झेपत." डोकं तापलेलं होतं. मी ओरडलो, "भाकरीच्या डब्याला कुलूप लाव. चार दिवसांत सरळ होतीय."

हे मी म्हणालो, आत्ती. मी.

आई गेल्यावर बाप बाहेरून कडी घालून जायचा आणि दोन-दोन दिवस यायचा नाही. तिथनं तू मला उचलून आणलंस. पहिला महिना मी काय केलं ते तुला सांगायला नको. एक दिवस तू अंथरूण झटकायला काढतेस आणि खालून हिरव्या पडलेल्या भाकऱ्या निघतात. मामा दारातनं म्हणतात, "चोर आणलाईस की गं घरात. एक दिवस तव्यासकट जाईल ह्यो." मी डोकं दोन्ही हातांत धरून कोपऱ्यात. आता पडणार मार. तू म्हणतेस, "बा इल्ली, ये हिकडं," आणि मला चुलीजवळ ओढून बसवतेस. "मऊ भाकर लपवून काय उपेग रं येड्या? लपवायचीच तर कडक लपव. कडक भाकर महिनाभर टिकती." मग तू पापडासारख्या पातळ भाकरी थापल्यास, भाजल्यास, चुलीच्या कडेला उभ्या लावून कडकडीत वाळवल्यास. पत्र्याच्या डब्यात भरून डबा माझ्या मांडीवर ठेवलास. "ह्यो तुझा. कुटं ठेवतोस ते मला बी सांगू नको." मामा म्हणाले, "घ्या, चोराला तिजोरी बी दिली." डबा रिकामा झाला की तू भरायचीस, एवढंच. विचारलं कधीच नाहीस. तसं तू काही देव नव्हतीस. शेळीला दगड मारला म्हणून फुंकणीनं बडवलं होतंस मला, आणि दिवसभर बोलली नव्हतीस. पण जेवायचं ताट त्या दिवशीही वेळेवर आलं.

मी जेमतेम चौथी शिकलेला माणूस. पण एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं ना?

बायकोनं कुलूप लावलं, मी सांगितलं म्हणून. तेव्हापासून पोरीनं जेवणच सोडलंय. पुढ्यात वाढलेलंही खात नाही. तीन दिवस नुसत्या पाण्यावर उंबऱ्यात बसून आहे. काल बायको फोनवर रडत होती. "सोमवारी म्याडम येणार हायत. मी सांगणार त्यास्नी, घेऊन जावा हिला. मी वाईट न्हाय हो. मला भ्या वाटतंय, माझ्या दारात मरंल पोरगी." मी नुसता हं हं करत राहिलो. कुलूप काढ, कडक भाकरी कर, तिचा डबा तिला दे, एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण ती विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक. लग्नाला चार वर्षं झाली, मी तिला कडीचं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी तुझ्या घरचा लाडका भाचा. तेच राहावं असं मला वाटत आलं. त्यापायी तुझ्या लेकीची लेक आश्रमात जाईल, आणि तिथं तिच्या उशाखालचं काढून फेकायला कुणीतरी असेलच.

हा कागद कुठं टाकू? तुझ्या राखेला सुद्धा आता किती वर्षं झाली. आज शुक्रवार. सोमवारच्या आत पोचता येतं, गाड्या आहेत. बायकोला मी तीन वेळा सांगितलंय की शेठ रजा देत नाही. आत्ती, मी रजा मागितलेलीच नाही.