मास्टर कॉपी एकच

२ ऑक्टोबर, गुरुवार
विहारात आईचा फोटो काढायला फोन वर केला, तर 'स्टोरेज फुल'. आई पांढऱ्या साडीत हात जोडून उभी, मागे माणसं खोळंबलेली, आणि फोन मला सांगतो जागा नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथून तडक भोसरीत, कुलदीपच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. अठरा टीबीची हार्ड डिस्क घेतली. त्याच्याकडची सगळ्यात मोठी. विटेएवढी आहे.

कुलदीप म्हणाला, भाऊ, एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, दोन्हीवर सगळं ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. म्हणजे याला दोन विकायच्या आहेत. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली मी, आणि हा मला शिकवतो. चांगला झापला.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७.१०
घरातला सगळा डेटा तपासला. लाज वाटली. श्रद्धाच्या दहावीच्या निकालाचा केक, एकच फोटो, पाच फोनांत मिळून एकोणीस वेळा. कंपनीत एका ड्रॉइंगच्या एकोणीस कॉप्या फिरताना सापडल्या तर ऑडिटर आम्हाला उभं सोलेल. तिथला नियम साधा आहे. मास्टर कॉपी एकच, ती कुलपात. बाकीच्यांवर 'अनकंट्रोल्ड' असा लाल शिक्का मारायचा आणि फाडून टाकायच्या. माझ्या घराला नियम नाही म्हणून घराचा उकिरडा झालाय.

संकल्प: १२ तारखेपर्यंत सगळं डिस्कवर. मग फोन, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, सगळं साफ.

सगळ्यात आधी आबांचं, माझ्या वडिलांचं, रेकॉर्डिंग. एकेचाळीस मिनिटं. गेल्या वर्षी दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी श्रद्धानं आबांच्याच फोनवर केलं होतं. उदगीरहून पिंपरीत कसे आले, कंपनीत हंगामी कसे लागले, पर्मनंट कसे झाले, सगळं आहे. मध्येच थांबून ते आईला हाक मारतात, "चिमा, पाणी आण गं." आई रोज संध्याकाळी तेवढंच ऐकते. २३ नोव्हेंबरला पहिला स्मृतिदिन. त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना ऐकवायचं म्हणते.

ऐकवू. क्वालिटीत ऐकवू.

९ ऑक्टोबर, गुरुवार
कॉपी ६१ टक्क्यांवर आणि वीज गेली. मोशीत गुरुवारी वीज जाते हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. भाग्यश्री म्हणाली, मग बुधवारी का नाही केलंत? बायकोला नेमकं काय बोलायचं ते बरोबर सुचतं.

शिवाय अठरा टीबी सांगून डिस्क सोळा पॉइंट काहीतरीच दाखवते. चोर साले. श्रद्धा म्हणाली, पप्पा, मोजायची पद्धत वेगळी असते. मी म्हटलं, मापात पद्धत नसते, माप असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
कॉपी पूर्ण. दुपारपासून साफसफाई. चार फोन, दोन लॅपटॉप, एकूण एक पेन ड्राइव्ह. मन हलकं झालं.

तेजस्विनीकडे, म्हणजे दिघीच्या माझ्या बहिणीकडे, आबांच्या रेकॉर्डिंगची कॉपी होती. अनकंट्रोल्ड. फोन लावला आणि चालू कॉलवर डिलीट करायला लावली. दादा, राहू दे ना रे, म्हणत होती. हळवेपणानं सिस्टिम चालत नाही.

शेवटी आबांचा फोन. आई तो पदराखाली घेऊन बसलेली. ऱ्हाऊ दे की रे बुद्धा, म्हणाली मला. मी तिला समजावलं की हा फोन आज ना उद्या मरणार, डिस्क मरत नाही. पटलं नाही, पण दिला. रीसेट मारला आणि सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकला. संध्याकाळी लॅपटॉपवर डिस्क लावून तिला ऐकवलं. आवाज खणखणीत. तरी म्हणते, फोन हातात धरता येत होता.

१९ ऑक्टोबर, रविवार
डिस्कला निश्चित जागा दिली. टीव्हीशेजारी भिंतीवर पिवळ्या टेपची चौकट, वर लेबल, आणि डिस्क डबल टेपनं भिंतीला. कंपनीची टेप आहे, बंपर धरते. श्रद्धा म्हणाली, पप्पा, पडली तर? आणि एकच कॉपी असेल तर तिला बॅकअप कसं म्हणायचं? नकारात्मक पिढी. मोबाईल काढून घेतला तिचा दोन दिवस.

२६ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ३
पडली.

फरशीवर, कोपऱ्यावर. लावली तर टक, टक, टक. कॉम्प्युटरला दिसतच नाही.

डोकं शांत ठेवून 'पाच का' केले, कंपनीत करतो तसे. डिस्क का पडली? टेप सुटली. टेप का सुटली? भिंत हादरली. भिंत का हादरली? भाग्यश्रीनं दार आपटलं. दार का आपटलं? मी ओरडलो म्हणून. पाचव्या 'का'ची गरज वाटली नाही. मूळ कारण दार आहे. दाराला रबर लावायचं ठरलं.

आईला सांगितलं, सर्व्हिसिंगला द्यायचीय. गाडीसारखी? म्हणाली. व्हय म्हटलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
फर्स्ट शिफ्ट करून कुलदीपकडे. त्यानं कानाला लावून ऐकली. म्हणाला, भाऊ, आता हिला वीजसुद्धा लावू नका. पुण्यात एक जण आहे, उघडून आतला डेटा काढतो. बहुतेक निघेल. फक्त सील तुटेल, वॉरंटी जाईल.

सील तोडायचं! सील तुटलेला माल आमचा स्टोअरवाला हातात घेत नाही. नवीकोरी डिस्क, तीन वर्षांची वॉरंटी, आणि मी हक्क सोडू? कंपनीनं बिघडलेला माल दिला, कंपनी भरून देईल. कुलदीप म्हणाला, भाऊ, कंपनी डिस्क देईल, आबा नाही देणार. फार बोलतो तो.

१ नोव्हेंबर, शनिवार
सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पडली होती का? नाही म्हटलं. खोटं नाही. टेपनं सोडली, मी पाडली नाही. ती कोपऱ्यावरच्या पोच्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो.

क्लेम नाकारला. बघून घेतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा गेलो. मॅनेजरला बाहेर बोलावलं. डिस्क का बिघडली, परत बिघडू नये म्हणून काय करणार, लेखी द्या म्हटलं. आमच्या कस्टमरला आम्ही देतो की! सगळं काउंटर ऐकत होतं. घसा बसला. ग्राहक मंचाचं नाव काढल्यावर मॅनेजर मऊ पडला.

आई रोज विचारते, झाली का सर्व्हिसिंग? चिडलो तिच्यावर. नको होतं चिडायला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो! 'खास बाब' म्हणून बदलून देणार. जुनी जमा केली, फॉर्मवर सही ठोकली. बारीक अक्षरात बरंच काही होतं. एरवी मी शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करत नाही, पण आज मॅनेजरचा पडलेला चेहरा बघण्यात वाचायचं राहिलं. कुलदीपला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, जुनी दिलीत?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नवी आली. सीलबंद. एकही ओरखडा नाही. उघडली. रिकामी.

सर्व्हिस सेंटरला फोन. आतला माल कुठाय? म्हणे, डेटाची जबाबदारी आमची नाही, तुम्ही सही केलीय. मग जुनी परत द्या. म्हणे, नष्ट केली. तुमची प्रायव्हसी जपायला लगेच करतो सर. अर्धा तास शिव्या घातल्या. समोरचा शेवटपर्यंत सर, सर म्हणत होता. राग कुणावर काढावा तेच कळेना.

ई-कचऱ्याच्या पेटीकडे गेलो. वॉचमन म्हणाला, दर पंधरवड्याला गाडी येते. तेजस्विनीला फोन लावला. म्हणाली, तूच पुसायला लावलंस ना दादा, आणि रडायला लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार
इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. सर्व्हिस सेंटरनं नाही, दारानं नाही, भाग्यश्रीनं नाही. मी पुसलं. सगळ्यांकडून मागून घेऊन पुसलं.

आईला काल सांगणार होतो. आज सकाळी सांगणार होतो. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, जेवणं झाली. आबांचे कंपनीतले दोस्त आले होते. आई म्हणाली, आता लाव. नवी डिस्क लावली. निळा दिवा लागला. वीस-पंचवीस माणसं एकदम गप्प झाली. आई खुर्ची ओढून स्पीकरला कान लावून बसली. बराच वेळ बसली.

मग म्हणाली, बुद्धा, मला ऐकू येईना रे, आवाज वाढव की.

वाढवला.