तिसऱ्या दिवशीचा मासा

प्रिय बुटक्या,

दारातून आत येताना आता तुला मान वाकवावी लागते, तरी माझ्यासाठी तू बुटक्याच. पत्र बघून दचकू नकोस. बाबा आहेत, घर जागेवर आहे, मीही आहे. हल्ली पत्र आलं की माणसं आधी वाईटच बातमी समजतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते, पण फोन बाबांच्या खुर्चीपाशी असतो आणि तुझा आवाज आला की ते तो कानाला चिकटवून बसतात, मला देतच नाहीत. इथून कवळ्यांच्या कारखान्यातून बोलावं, तर घासायचं यंत्र सारखं घरघरत असतं, आणि सुट्टीत ते थांबतं तेव्हा तू कामात असतोस. आत्ता जेवणाची सुट्टी आहे. बाकीचे बाहेर उन्हात बसलेत आणि मी माझ्या टेबलावर, मेणाच्या आणि गुलाबी भुकटीच्या वासात, कुण्या अनोळखी बाईची वरची कवळी बाजूला सारून तुला लिहिते आहे.

कवळीवरून सांगायचं म्हणजे, बाबांची कवळी पुन्हा सैल झाली आहे. मीच केलेली, माप घेताना त्यांनी माझं बोट चावलं होतं ती. माणूस वाळला की त्याच्या हिरड्याही बसत जातात, मग उत्तम बसणारी कवळी बोलताना टकटक वाजायला लागते. मी आतून नवा थर देऊन ती घट्ट केली, तर थोड्याच दिवसांत पुन्हा हलायला लागली. तेव्हाच मला कळलं होतं. नंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळीने भरवावं लागेल, म्हणाल्या. नळी ओढू नये म्हणून हात बांधून ठेवतात, हेही त्यांनीच सांगितलं.  बाबांनी विचारलं, तुमच्याकडे स्वयंपाकाला कोण आहे.

आता गंमत अशी की हा न जेवणारा माणूस अर्धा दिवस स्वयंपाकघरातच असतो. आंघोळ झाली की नाही ते आठवत नाही, मला कधी आईच्या नावाने हाक मारतात, पण मासा मिसोत, त्या जपानी आंबवलेल्या लगद्यात, मुरवायला घेतला की एकही गोष्ट चुकत नाही. तुकड्या दोन बोटं जाड हव्यात, पातळ आणल्या तर मला पिशवीसकट परत पाठवतात. आधी नुसतं मीठ लावून ठेवायचं. सुटलेलं पाणी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, तुकडी धुवायची नाही, धुतली की सगळं मुसळ केरात. मग मिसो, साखर आणि थोडी तांदळाची दारू एकत्र घोटायची, इतकी दाट की बोटावरून ओघळू नये. डब्यात खाली त्याचा थर, त्यावर मलमलचं फडकं, त्यावर तुकड्या, पुन्हा फडकं आणि पुन्हा थर. फडक्यामुळे मिसो माशाला चिकटत नाही, त्यामुळे तव्यावर जळत नाही, हे तुला नि मला पाढ्यांसारखं पाठ आहे. मग झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.  

ते मिसो पहिल्यांदा घरी आलं तेव्हा तू एवढासा होतास, तुला आठवायचं नाही. बाबा तेव्हा जहाजावर नवे आचारी. बरोबरच्या एका म्हाताऱ्या जपानी आचाऱ्याने त्यांना हे शिकवलं आणि निघताना एक डबीही दिली. आईने झाकण उघडलं, तो तपकिरी लगदा हुंगला, आणि प्रवासात नासलं म्हणत थेट कचऱ्याच्या बादलीकडे निघाली. आंबवलेलं सोयाबीन आहे, त्याचा वास मुळातच असा असतो, हे पटवून द्यायला बाबांना ती अख्खी सुट्टी लागली. शेवटच्या दिवशी तिने एक तुकडी चाखली आणि लगेच दुसरी वाढून घेतली. पुढच्या खेपेपासून तीच मासा लावायला लागली. बंदरावरून निरोप यायचा की दोन दिवसांत पोचतो, आई त्याच दिवशी मासा आणून मिसोत घालायची, आणि बाबांची बॅग दारात टेकायची तेव्हा तो बरोबर मुरलेला असायचा. आपल्याला तारखा मोजाव्या लागत नसत. फ्रिज उघडून तो निळ्या झाकणाचा डबा दिसला की समजायचं, बाबा येणार.

येणारा माणूस ताटावर बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा आईचा नियम. एकदा जहाज वाटेत रखडलं तरी तिने डबा तसाच ठेवला, आणि बाबा आले तोवर माशाचा मिठाचा खडा झाला होता. बाबांनी तो सगळा संपवला आणि मग तांब्यामागून तांबे पाणी प्यायले. तू पहिलाच घास कुंडीत थुंकलास आणि ते रोप मेलं, ही गोष्ट आई पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत होती. बाबांचा नियम आणखी वेगळा, जहाजावरून आणलेला. आचारी शेवटी जेवतो. सगळे पोटभर जेवून उठले की मग त्याचं ताट. घरीसुद्धा ते ज्या दिवशी ओट्याशी उभे राहत, त्या दिवशी आपल्याला ढेकर येईपर्यंत एक घास तोंडात घालत नसत. आई चिडायची, हे काय जहाज आहे का म्हणायची, पण तिचं कोण ऐकतो.

आता आई नाही. मासा लावणारे बाबा, आणि येणारा तू. कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावरून, लिफ्टच्या यंत्रखोलीतून तुझा फोन येतो, मागे ते चाक फिरत असतं, आणि तू म्हणतोस, येतो हं बाबा, दोन दिवसांत येतो. तू असं का म्हणतोस ते मला कळतं. ते चारदा विचारतात, कधी येतोस, आणि पाचव्यांदा नाही म्हणायला कुणाची जीभ रेटणार? फोन ठेवला की बाबा शर्ट बदलतात आणि मला बाजारात पिटाळतात. मासेवाली विचारते, ताई, तुमच्याकडे एवढे पाहुणे कोण येतात हो? मी म्हणते, येतात बाई. नशीबवान आहात, असं म्हणून ती मला एक तुकडी जास्त घालते.

इतर सगळं विसरणारा माणूस तुझं येणं का विसरत नाही, याचं मला आधी नवल वाटायचं. मग लक्षात आलं. ते पाण्यासाठी फ्रिज उघडतात, डबा दिसतो, आणि तू येणार हे त्यांना नव्याने कळतं. दिवसातून कितीदा तरी त्यांना ती बातमी पहिल्यांदाच कळते आणि ते तितकेच खूष होतात. पण एकदा डबा फ्रिजमध्ये गेला की आचारी जेवत नाही. मी काहीही पुढे ठेवलं तरी ताट सरकवून म्हणतात, पोरगा येऊ दे, मग बसतो. चहा घेतात, फार तर चहात बुडवून बिस्किट. तिसऱ्या दिवशी तुकड्या भाजून, तीन ताटं मांडून खिडकीत उभे राहतात. संध्याकाळी तुझा फोन येतो, कुठे लिफ्ट अडकलेली असते, तू पुन्हा दोन दिवसांचं सांगतोस, आणि भाजलेला मासा शेजारी देऊन मी पुन्हा बाजाराची पिशवी उचलते.

मी काही हातावर हात धरून बसले नाही. एकदा डबाच लपवला. तर त्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं आणि मुलाच्या ताटातलं खाल्लंस म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं. मग मी एकदा थाप मारली की बुटक्या आला होता, तुम्ही झोपला होतात, जेवून गेला. त्यांनी विचारलं, किती तुकड्या खाल्ल्या? मी म्हटलं तीन. त्याने कातडी बाजूला काढली का, हेही विचारलं. मग ते मोरीपाशी जाऊन तुझं खरकटं ताट शोधत राहिले, आणि मला उठवलं का नाही म्हणून लहान मुलासारखे रडले. ती थाप मी पुन्हा मारणार नाही.

थकले रे मी. घराला, माझ्या केसांना, उशीच्या अभ्र्यालासुद्धा त्या मिसोचा वास आहे. इथे दिवसभर परक्यांचे दात घासायचे, जाताना मासा घ्यायचा, घरी जाऊन न जेवणाऱ्यासमोर एकटीने जेवायचं. घास फिरतो तोंडात. तुझ्यावर राग नाही. तुझं तान्हं बाळ आहे, बायको नुकती कामावर परत गेली आहे, आणि अख्ख्या भागाच्या लिफ्ट तुझ्या एकट्याच्या गळ्यात. मला दिसतं सगळं. पण दिसलं म्हणून पाय दुखायचे थांबत नाहीत.

गेल्या शनिवारी घरी पोचले तर जळका वास जिन्यापर्यंत आला होता. तव्यावर मासा एका बाजूने कोळसा झालेला, आणि बाबा ओट्याखाली जमिनीवर, कपाटाला पाठ टेकून बसलेले. उठताच येत नव्हतं त्यांना. मी आधी गॅस बंद केला की आधी त्यांना धरलं ते आठवत नाही. साखरेचं पाणी चमच्याने तोंडाशी नेलं तर ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मग हळूच विचारलं, त्याचं जेवण झालं? डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. दुसरं काही नाही, उपाशी आहेत, म्हणाल्या. पुन्हा असं झालं तर मी दवाखान्यात हलवणार, तुम्ही मधे पडू नका, असंही बजावून गेल्या. त्यानंतर माझा धीर सुटला. मी त्यांच्यासमोर बसून सरळ सांगितलं, बाबा, तो येणार नाहीये. आज नाही, उद्या नाही, या महिन्यातही नाही.  ते तुला गाढव म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, ते लिहीत नाही. भिंतीकडे तोंड करून पडले, थोडे रडले. आणि मग उठून म्हणाले, काही आहे का खायला? मी भात आणि अंडं केलं. दोनदा वाढून घेतलं त्यांनी. रविवारी सकाळीही जेवले. दुपारी तुझा फोन आला, आणि तू म्हणालास, दोन दिवसांत येतो. आत्ता तो डबा फ्रिजमध्ये आहे.

म्हणून हे पत्र. ये असं सांगायला लिहिलेलं नाही, तुला जमणार नाही हे मला माहीत आहे. एवढंच कर, की फोनवर येतो म्हणू नकोस. ते चारदा विचारतील, तू पाचव्यांदाही म्हण, नाही जमत बाबा. ते गाढव म्हणतील, फोन आपटतील. ऐकून घे. गाढव म्हणून झालं की ते जेवतात. आजच्यापुरतं मी घरी जाऊन सांगते, पुढचं तू सांग. आणि कधी खरोखर सुटका झालीच, तर आधी न कळवता ये आणि दार वाजव, घरात जे असेल ते तिघं मिळून खाऊ. हे सगळं मी बाबांच्या नावावर खपवत होते, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू येतो म्हणालास की तिसऱ्या दिवशी मीही मालकांना सांगून लवकर निघते. तुझ्या खाटेवरची चादर बदलते. जिन्यात कुणाचाही पाय वाजला की हातातलं काम थांबतं. बाबांचं बरं आहे, दुसऱ्या दिवशी त्यांची पाटी कोरी असते. माझी नसते रे. मला आता वाट बघवत नाही.

तुझीच,
ताई