शून्य नंबरची नळी

सोमवार, ५ तारीख

शून्य नंबर बिघडला! रुग्णांच्या आठ नळ्या ठीक, आणि बिघडली ती निरोगी माणसाची. म्हणजे माझी! आमच्या लॅबमध्ये रिवाज आहे — एचआयव्ही झालेल्यांच्या रक्ताशी ताडून बघायला दर सोमवारी आमच्यापैकी एकाने आपलं रक्त द्यायचं. पन्नाशीपुढच्यांना माफ. आज पाळी माझी होती. नऊ वाजता आमच्या पंचावन्न वर्षांच्या टेक्निशियन काकांनी काढलं. त्यांचा हात इतका हलका, कळतसुद्धा नाही.

मरायला निघालेल्या पेशी रंग लावला की मशीनमध्ये हिरव्या दिसतात. निरोगी रक्तात शंभरात चार-पाच. आज बावीस! नळी फ्रिजमध्ये ठेवली असणार, थंडीने पेशी मरतात, दुसरं काय. काकांवर ओरडले, सगळ्यांसमोर. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस, मान खाली घालून उभा. "चुकलं असेल, मॅडम," एवढंच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे.

मंगळवार, ६

त्याच नळीतलं उरलेलं रक्त आज स्वतः लावून पाहिलं. तेवीस. मशीन ठीक, रंग ठीक. मग मोजणी केली — हा विषाणू ज्या पेशींवर धाड घालतो त्यांची. हजाराच्या आसपास हव्यात. तीनशे दहा.

नळी शून्य नंबरची. रक्त माझं. 

बुधवार, ७

एचआयव्हीच्या तपासणीला रक्त दिलं. आमच्याकडे नाही, पलीकडच्या रस्त्यावर. रिपोर्ट शुक्रवारी. ह्यांना सांगितलेलं नाही.

गुरुवार, ८

आठवून आठवून पाहतेय. सहा वर्षांपूर्वी एकदा कामात सुई टोचली होती. अर्ध्या तासात सांगितलं, महिनाभर गोळ्या घेतल्या, सुटले. तीन दिवसांच्या आत गोळी सुरू झाली तर बहुतेक निभावतं. तेव्हापासून सिंकच्या वर माझ्याच अक्षरातला कागद आहे — "सुई टोचली? लगेच सांगा!" मग हे आलं कुठून? संध्याकाळी हे भाजी निवडत बसले होते आणि मी संशयाने त्यांचा चेहरा वाचत होते. सतरा वर्षांचा संसार! लाज वाटली.

लेकीने विचारलं, "आई, तुझ्या त्या पेशी स्वतःहून मरतात म्हणजे वेड्याच की!" म्हटलं, नाही गं. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या बोटांच्या मधे कातडी होती. तिथल्या पेशी वेळेवर मेल्या म्हणून बोटं सुटी झाली. मरणं हेही त्यांचं एक कामच.

"मग या आजारात?"

या आजारात सगळं उलटं. विषाणू शिरतो थोड्याच पेशींत. मरतात त्यांतल्या पुष्कळ धडधाकट असतात — शेजारी काहीतरी भयंकर चाललंय, एवढ्या खुणेवर स्वतःला संपवतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पंधरा वर्षं हेच शिकतेय, आणि आज पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

"कोणी थांबवत नाही त्यांना?" म्हटलं, गोळ्या थांबवतात. विषाणू दबला की बाकीच्या सावरतात. फक्त वेळेवर कळायला हवं.

शुक्रवार, ९

निगेटिव्ह!! जीव भांड्यात पडला. रस्त्यात उभी राहून रडले आणि मग चक्क दोन चहा घेतले. दुसरा अर्धा झाला तेव्हा डोक्यात आलं — मग ते रक्त कोणाचं?

परत आले. काका एकटेच नळ्या लावत होते. विचारलं, हळू आवाजात. मला हळू बोलता येतं, हे त्यांना नवीनच असावं. त्यांनी हातातली नळी स्टँडला लावली. मग, "झाकण सैल राहिलं, मॅडम. तुमचं सगळं सांडलं. तुम्ही मीटिंगमध्ये. परत मागितलं असतं तर..." पुढचं मीच समजले. दार लावून त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला आणि नळी भरली. "म्हटलं, निरोगीच हवंय ना? माझं काय अन् तुमचं काय!"

त्यांना आकडे सांगितले. असे आकडे काकांनी हजारदा ऐकलेत, दुसऱ्यांचे. खुर्ची ओढून बसले. उद्या तपासणीला मी सोबत येते म्हटलं. 

मंगळवार, १३

काकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. गोळ्या आजच सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, नेमाने घ्या, छान म्हातारे व्हाल. येताना काकांनी आपणहून सांगितलं — तीन वर्षांपूर्वी सुई टोचली होती. माझा कागद वाचला होता. माझ्या दारापर्यंत आलेही होते.

"तुम्ही आत कोणावर तरी ओरडत होतात, मॅडम. म्हटलं, जाऊ दे."