वडीचं लायसन, विहिरीचं पाणी

दिवेआगर,
मंगळवार सकाळ (वेळ लिहीत नाही, कारण भिंतीवरचं घड्याळ गोदूने पुसायला काढलंय)

ती. सौ. निवेदिताताईस,

धाकट्या बापूचा पडवीतून, झोपाळ्यावर बसल्या बसल्या, पण मनातून पार वाकून नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे आत्तापर्यंत आहे. पुढचं अन्न खात्याच्या मॅडम येऊन गेल्या की कळेल. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तेल चोळतात, की नुसते कण्हतात? अनीशला नवी नोकरी लागली हे कळून फार आनंद झाला. (तुझ्याकडून नाही कळलं, मोबाईलवर त्याचा टाय लावलेला फोटो पाहिला. पण ते असो.)

तू म्हणशील, फोन असताना ह्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं. अगं, फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि माझी वाचाच बसते. आणि आज मला दुसरं करण्यासारखं काही नाही. मॅडम कुठल्याही क्षणी येतील म्हणून गोदूने पहाटेपासून सगळं घर धुऊन काढलंय, आणि मी कुठे पाय ठेवला की ती मागून फडकं घेऊन येते. शेवटी मला झोपाळ्यावर बसवून "पाय खाली टेकवायचे नाहीत" अशी तंबी दिली आहे. माझ्याच घरात मी असा अधांतरी. आईच्या वर्षश्राद्धानंतर तू इकडे फिरकली नाहीस. त्याचं कारण तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, तेव्हा त्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल मी ह्या पत्रात अवाक्षर काढणार नाही. विषय संपला.

थांब, गाडी वाजली.

नाही, पाववाला होता. तर सांगायचं होतं ते वडीच्या लायसनचं. वादळात आपली वाडी कशी आडवी झाली ते तू पाहिलंस. पोफळी गेल्या त्या गेल्याच, नव्या लावल्यात, पण त्यांची सुपारी बघायला मी असेन की नाही कोण जाणे. माड मात्र बरेच वाचले. मग आलेल्या नारळांचं करायचं काय, म्हणून गोदू वड्या करायला लागली. आपल्याकडे उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी त्या खाल्ल्या, बांधून नेल्या, पुन्हा मागवल्या. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, काकू, मी ठेवतो विकायला, फक्त पुड्यावर सरकारी नंबर पाहिजे. मी म्हटलं, एवढ्याशा वड्यांना कशाला सरकार? पाहुण्यांच्या हातात देत जा, झालं. पण ताई, "सरकारी माणूस येऊन स्वयंपाकघर तपासतो, पाणी तपासतो" एवढं ऐकलं मात्र, आणि ही बाई जी उठली ती आजतागायत बसलेली नाही. नंबर पाहिजे म्हणजे पाहिजेच. एवढी इरेला पेटलेली मी तिला आमच्या लग्नाच्या याद्यांच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती.

अर्ज भरायला बोर्लीला हितेशकडे गेलो. (हितेश म्हणजे तो ऑनलाइन फॉर्म भरून देणारा, त्याच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं त्याच जागेत.) अर्ज गोदूच्या नावाने, तेव्हा ओटीपी गोदूच्या फोनवर, आणि गोदू घरी. फोन केला, तर सांगायला तयार नाही. त्या निरोपात लिहिलंय म्हणे, हा आकडा कुणालाही सांगू नका. मी म्हटलं, अगं मी तुझा नवरा. तर म्हणाली, कुणालाही म्हणजे तुम्हालाही. हितेश कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, काकूंनाच घेऊन या ना, माझा सर्व्हर सुटून जातो." मग परत घरी, तिला रिक्षात घालून परत बोर्लीला. तिथे कळलं की मी नारळ खवतो, त्यामुळे मी 'अन्न हाताळणारी व्यक्ती' आहे आणि मलाही डॉक्टरचा दाखला हवा. तो मिळाला. पण तेव्हापासून रोज सकाळी माझी नखं तपासली जातात. उभा जन्म शाळेत प्रार्थनेनंतर पोरांची नखं तपासली मी, ताई! आता हात पुढे करून उभा राहतो आणि मला त्या सगळ्या पोरांची दया येते. शिवाय खवायला बसताना डोक्यावर जाळीची टोपी. माझ्या डोक्यावर आता काय उरलंय ते तुला माहीतच आहे, पण नियम म्हणजे नियम.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हाची गंमत ऐक. वयाने आपल्या अनीशएवढीच पोरगी, हातात फाइल, उन्हाने लाल झालेली. ती पायरी चढणार तोच गोदूने अडवलं. आधी पाय धुवा. धुतले. मग हात. साबणाने. मग तिच्या हातात जाळीची टोपी दिली आणि केस आत घ्यायला लावले. ती बिचारी म्हणाली, "मावशी, हे सगळं मी तुम्हाला सांगायचं असतं!" गोदू म्हणाली, तुम्ही सांगा हो, पण आधी धुवा. आत गेल्यावर मॅडमनी फळीवरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. डबे उघडले, स्वच्छ. ओट्याखाली वाकून पाहिलं तर तिथे आमची मनी बसलेली. (तिला सकाळीच शेजारी नेऊन सोडली होती. माझ्याआधी परत आली.) मॅडमनी लिहून घेतलं, मांजर नको. बाकी सगळं छान म्हणाल्या. फक्त वडीचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून आणा, आणि पाणी विहिरीचं आहे तर त्याचाही अहवाल लागेल. पाण्याचं नाव निघालं आणि गोदूचा चेहरा असा झाला की मी तिकडे बघायचंच टाळलं.

वड्या केल्या. काय वड्या झाल्या होत्या म्हणून सांगू! मी स्वतः डबा घेऊन गेलो, पावती घेतली, आलो. अहवाल आला, त्यात लिहिलेलं, नमुन्यात बाह्य वनस्पतीचं पान आढळलं. मी हादरलोच. पान? आपल्या वडीत? गोदूला विचारलं तर ती अगदी शांतपणे म्हणाली, तुळशीचं असेल. पहिला घाणा, देवाला नैवेद्य दाखवला, तोच डब्यात भरला. अगं पण पान काढायचंस ना! तर म्हणते, देवाला न दाखवता सरकारला कसं देणार, आणि दाखवल्यावर तुळस काढून कशी देणार? त्या प्रयोगशाळेतल्या माणसाला नैवेद्याचा प्रसाद मिळाला आणि त्याने त्यात दोष काढला, असं तिचं आजही म्हणणं आहे. दुसऱ्या खेपेला देवाला वेगळी वाटी, सरकारला वेगळा डबा, असा तह झाला तेव्हा कुठे वडी पास झाली.

पुन्हा गाडी. बघून येतो. (चवड्यांवर जातो, काळजी नको.)

नव्हेच ती. पुण्याहून आलेले पाहुणे समुद्राची वाट विचारत होते. समुद्र समोर दिसतोय आणि वाट विचारतात! माझं आज कशात चित्त नाही बघ. हां, पाणी. पाण्याच्या नमुन्याला प्रयोगशाळेनेच एक बाटली दिली होती, झाकणाला कागद लावलेली. ती घरी आणून मी मेजावर ठेवली आणि वाडीत गेलो. परत येऊन बघतो तर बाटली उन्हात उलटी वाळत घातलेली. गोदूने ती राखेने घासली होती. कुणाकुणाचे हात लागलेले असतील म्हणे! मग कढत पाण्याने विसळली, मग चारपदरी फडक्यातून पाणी गाळून भरलं, आणि वर वाळ्याची एक काडी. पाहुण्यांना आपण वाळ्याचंच देतो ना, मग सरकारने काय पाप केलंय? प्रयोगशाळेतल्या माणसाने बाटली उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, निर्जंतुक केलेली बाटली तुम्ही राखेने घासलीत?" मी म्हटलं, राख चाळून घेतली होती. तो बाहेर जाऊन चहा पिऊन आला आणि मग त्याने मला दुसरी बाटली दिली. ह्या खेपेला ती मी उराशी धरून आणली, गोदूला रहाटापासून हातभर लांब उभं केलं, आणि सांगितलं तसं भरलं. ती पदर तोंडात धरून बघत होती, जशी काही दवाखान्यात पोराला सुई टोचतायत.

आता तू म्हणशील, एवढी घासाघीस कशाला. ताई, खरं सांगू? वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही सगळे गाडीतून उतरलात आणि मागून विकतच्या पाण्याचं खोकं उतरलं. वादळात विहिरीत काय काय पडलंय, पोरांना सोसायचं नाही, असं तू म्हणालीस. म्हणालीस ते काळजीपोटीच, मला माहीत आहे. पण सगळ्या भावकीच्या पंगतीत, गोदूने वाढलेल्या पानांशेजारी तुमच्या पाच जणांच्या बाटल्या उभ्या राहिल्या, आणि वाढणारी ती होती. ती तुला एका शब्दाने बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तू रागावलीस. तुम्ही गेल्यावर तिने हंडा, कळशी, सगळं पुन्हा घासलं. घासतेच आहे अजून. अगं, ह्याच विहिरीचं पाणी पिऊन तू एवढी झालीस! उन्हातून खेळून आलीस की पोहऱ्यालाच तोंड लावायचीस, आई ओरडायची. (मी ह्या विषयावर लिहिणार नव्हतो. लिहून झालं. आता खोडत नाही.)

आल्या! खरंच आल्या! पत्र उशीखाली.

गेल्या. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे. मॅडम आल्या, न सांगता पाय धुतले, स्वतःच्या पिशवीतून स्वतःची टोपी काढून घातली. (आता त्याही सुधारल्या.) आत सगळं पाहिलं, मनी नाही ना त्याची खात्री केली, अहवाल उलटसुलट वाचले. मग पडवीत येऊन बसल्या, घाम पुसला, आणि पर्समधून पाण्याची बाटली काढली. गोदू तांब्या आणि गूळ घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थिजली. मॅडमनी बाटली तोंडाला लावली, तर रिकामी. म्हणाल्या, "मावशी, पाणी मिळेल?" गोदू म्हणाली, विहिरीचं आहे. असं म्हणाली की जणू भांडायलाच उठली आहे. तर ती पोरगी हसून म्हणाली, "मग द्याच. अहवाल मीच वाचलाय ना." घटाघटा प्यायली. पुन्हा मागितलं. आणि जाताना ती रिकामी बाटली पुढे करून म्हणाली, हिच्यातही भरून द्या, अजून दोन गावं करायची आहेत. गोदूने बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं, पदराने पुसली, तिच्या हातात दिली आणि आत निघून गेली. मी मागून गेलो तर रडत होती. मी म्हटलं, वेडे, पास झालीस, नंबर मिळणार, रडतेस काय? म्हणाली, नंबरासाठी नाही हो.

असो. नंबर आठवड्याभरात येईल म्हणाल्या. वड्यांचा पुडा सोबत पाठवतो आहे (तुळस काढून). भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बापू

ता. क. वर वाडीचं, दुकानदाराचं वगैरे लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण वड्या विकून आम्ही काही माड्या बांधणार नाही. ते लायसन आलं की चौकट करून मी ओटीवर, तू नेहमी बसायचीस त्या खुर्चीच्या बरोब्बर समोर लावणार आहे, पाण्याच्या अहवालासकट. ते बघायला ये. एवढ्याचसाठी हे सगळं पत्र आहे.

ता. क. २. हे मी तुला लिहिलंय हे गोदूला ठाऊक नाही. तिच्याजवळ बोलू नकोस.

वन्संना सौ. गोदावरीचा नमस्कार. हे पाकीट चिकटवायला डिंक शोधत माळ्यावर गेलेत, तेवढ्यात वाचलं. पडवीत ठेवलेलं वाचायला लायसन लागत नाही. ह्यांच्या पोटात काही राहत नाही हे तुम्ही मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतंत, ते अगदी खरं निघालं. मी रडले नाही, डोळ्यांत राख गेली होती. तुमच्या त्या राहिलेल्या बाटल्या मी टाकल्या नाहीत. दर वर्षी त्यांत तुमच्यासाठी कोकमाचं आगळ भरून ठेवते, न्यायला कुणी येत नाही, मग शेजारी वाटते आणि पुन्हा भरते. (मॅडमना सांगू नका, जुन्या बाटल्यांत भरायचं नसतं म्हणे.) आणि ते चौकटीचं ऐकू नका. तुम्ही याल तेव्हा ती भिंतीवरून काढायला लावणार आहे मी. घरच्या माणसाला कागद दाखवून का कुणी पाणी देतं? गणपतीला या. येताना काय वाटेल ते आणा, फक्त पाणी आणू नका.